एवढ्याशा कोपरात तार कशाला?

मे महिना लागला की आमच्या हाडांच्या ओपीडीत एक दृश्य हमखास दिसतं. पाच-सहा वर्षांचं पोर, रडून रडून लाल झालेलं, उजव्या हातानं डावा हात पोटाशी धरून बसलेलं. सोबत आई आणि बहुतेक वेळा आजी, कारण सुट्टीत पोर आजोळी आलेलं असतं. कुणी आंब्याच्या फांदीवरून पडलेलं, कुणी झोपाळ्यावरून, कुणी नुसती सोफ्यावरून उडी मारली म्हणून. एक्स-रे बघून मी सांगतो, "कोपराच्या जरा वर हाड मोडलंय आणि सरकलंय. भूल देऊन बसवावं लागेल, दोन-तीन तारा घालाव्या लागतील." त्यावर पहिला प्रश्न आजीचा येतो. "डॉक्टर, एवढ्याशा कोपरात तार कशाला? आमच्या वेळी नुसत्या पट्टीवर हाडं जुळायची."

आजींचा प्रश्न रास्त आहे. लहान मुलांची बहुतेक हाडं नुसत्या प्लास्टरवर जुळतात. मनगटाजवळचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी वाढत्या वयात आपोआप सरळ होतं. मग कोपराच्याच बाबतीत आम्ही एवढे हट्टी का? त्याचं उत्तर गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत देता येत नाही. आईवडील घाबरलेले असतात, सही कुठे करायची एवढंच विचारतात, आणि शंका मनातच राहते. म्हणून इथे सावकाश सांगतो.

हाड मोडतं कुठे

दंडात एकच हाड असतं. मध्ये ते नळीसारखं गोल असतं, पण कोपराकडे येताना चपटं होत जातं. या चपट्या भागाला पुढून एक आणि मागून एक असे दोन खळगे असतात. आपण हात सरळ केला की कोपराचं टोक, म्हणजे टेबलावर टेकवतो तो टणक भाग, मागच्या खळग्यात जाऊन बसतो. दोन खळग्यांच्या मध्ये हाड पापुद्र्यासारखं पातळ असतं. वैद्यकीय कॉलेजात पहिल्या वर्षी हे हाड हातात येतं तेव्हा ती जागा उजेडाकडे धरली की प्रकाश पलीकडून झिरपताना दिसतो.

मूल पडताना हात पुढे करून जमिनीवर टेकतं. या वयात सांधे लवचीक असतात, त्यामुळे कोपर नुसतं सरळ होऊन थांबत नाही, उलट बाजूलाही थोडं वाकतं. मग खळग्यात बसलेलं ते टोक पहारीसारखं काम करतं. दगड उचकटायला पहार लावावी तसं ते हाडाला मागून रेटतं, आणि हाड नेमकं त्या पातळ जागी मोडतं. खालचा तुकडा मागे सरकतो, वरच्या तुकड्याचं अणकुचीदार टोक पुढे येतं. या पुढे आलेल्या टोकाकडे लक्ष ठेवा, पुढची सगळी काळजी त्याचीच आहे.

या दुखापतीला सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतात. कागदपत्रांवर तेच नाव दिसेल. मी यापुढे 'कोपरावरचं फ्रॅक्चर' म्हणेन. मुलांच्या कोपराजवळ जेवढी हाडं मोडतात, त्यांत निम्म्याहून अधिक वेळा हेच मोडतं. पाच ते सात वर्षं हे त्याचं खास वय.

प्रत्येकाला तार लागते का?

नाही. अमेरिकन सर्जन जॉन गार्टलँड यांनी १९५९ साली या फ्रॅक्चरचे तीन प्रकार सांगितले, ते आजही जगभर वापरले जातात. पहिल्या प्रकारात हाडाला नुसता तडा जातो, तुकडे जागचे हलत नाहीत. साधारण तीन आठवडे प्लास्टर, बस्स. या मुलाला कुणी तार घालायची म्हणालं, तर कारण जरूर विचारा.

तिसऱ्या प्रकारात दोन तुकडे एकमेकांपासून पूर्ण सुटतात. इथे तार हाच जगभरातला रिवाज आहे.

मधला प्रकार ओल्या फांदीसारखा. ओली फांदी वाकवली की एका बाजूनं मोडते, दुसऱ्या बाजूची साल धरून ठेवते. हाडावरही अशी एक चिवट साल असते आणि मुलांमध्ये ती चांगली जाड असते. हाड पुढून मोडतं, मागून बिजागरीसारखं लटकून राहतं. याला किती वाकलं तर तार घालायची, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. माझं मत विचाराल तर हाड आत किंवा बाहेर कललं असेल, किंवा बसवल्यावर प्लास्टरमध्ये राहील असा भरवसा वाटत नसेल, तर मी तार घालतो. दुसरा डॉक्टर थोडं वेगळं सांगेल, म्हणून त्याचं चुकलं असं नाही.

मग प्लास्टरमध्ये घट्ट धरून ठेवा ना!

सगळ्या शंकांचं मूळ इथे आहे, म्हणून थोडा जास्त वेळ घेतो.

सरकलेलं हाड भूल देऊन, ओढून, जागेवर आणता येतं. अवघड आहे ते तिथे टिकवणं. मोडल्या जागी हाड चपटं आणि पातळ असतं. दोन पत्ते कडेवर एकमेकांवर उभे करून बघा, म्हणजे अडचण कळेल. ते उभे राहावेत यासाठी एकच उपाय असतो: कोपर काटकोनाच्याही पलीकडे, जवळजवळ हात खांद्याला लागेल इतकं वाकवायचं. तसं केलं की मागची साल ताणली जाते आणि तुकड्यांना आवळून धरते.

पण कोपर तर सुजून टम्म झालेलं असतं. ब्लड प्रेशर तपासताना कोपराच्या घडीत स्टेथोस्कोप ठेवतात ती जागा आठवा. तिथून पंजाला रक्त नेणारी मुख्य धमनी जाते. बागेला पाणी घालताना नळी दुमडली की पाणी थांबतं, तसंच सुजलेलं कोपर करकचून वाकवलं की रक्त थांबतं. म्हणजे वाकवावं तर रक्त अडतं, सैल सोडावं तर हाड सरकतं. कित्येक पिढ्यांतले सर्जन या कात्रीत अडकले होते.

त्याची किंमत मुलांनी मोजली. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ साली असे हात वर्णन करून ठेवलेत: घट्ट पट्टीनंतर कोपराखालचे स्नायू रक्ताविना मरतात, त्यांची जागा दोरखंडासारखा ताठर पदार्थ घेतो, मनगट आत वळतं आणि बोटं पंजासारखी आखडून बसतात. हाड जुळलेलं असतं, हात मात्र कामातून गेलेला. या विकाराला आजही फोल्कमानचंच नाव आहे. मी असा हात पाहिलेला आहे. सही करायला त्या मुलाला पेन दोन्ही मनगटांत धरावं लागायचं. तो हात एकदा पाहिला की माणूस कुठलीही पट्टी घट्ट बांधताना दोनदा थांबतो.

तारेनं ही कात्री सोडवली. मार्टिन किर्शनर या दुसऱ्या एका जर्मन सर्जननं १९०९ मध्ये पोलादाची बारीक, गुळगुळीत तार हाडांच्या उपचारात आणली. सुरुवातीला ती हाड ओढून धरण्यासाठी असायची. कोपरावरच्या फ्रॅक्चरमध्ये अशा तारा आरपार घालून हाड धरण्याची पद्धत १९४८ साली स्वेन्सन या अमेरिकन सर्जननं मांडली, आणि एक्स-रेची यंत्रं सुधारत गेली तशी ती सगळीकडे रुळली. आज ऑपरेशनच्या कागदावर 'के-वायर' लिहिलेलं दिसतं, त्यातला 'के' किर्शनरचा.

तार हाड जोडत नाही. हाड मूल स्वतः जोडतं, तारेविनाही जोडलं असतं. तार एवढंच करते की हाड जागेवर राहावं म्हणून हात आवळायची गरज उरत नाही. तार घातल्यावर आम्ही कोपर सोयीच्या कोनात, सैलसर ठेवतो, सुजेला जागा देतो, आणि रक्त मोकळं वाहतं. तारेची खरी कमाई ही आहे.

शिंपीदादा ब्लाउज शिवताना आधी कच्चे टाके घालतात, कापड सरकू नये म्हणून. पक्की शिलाई झाली की कच्चा दोरा ओढून काढतात. तार म्हणजे तो कच्चा टाका. पक्की शिलाई हाड करतं, तीन-चार आठवड्यांत.

घाई कशाची असते

आपण मराठीत रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही 'नस'च. इथे दोन्ही वेगळे ओळखायला हवेत. रक्तवाहिनी म्हणजे पाण्याची पाइपलाइन. मज्जातंतू म्हणजे विजेची वायर, ती बोटांना हलायचा हुकूम देते आणि स्पर्शाची खबर परत आणते. हाडाचं पुढे आलेलं ते अणकुचीदार टोक या दोन्हींना टोचू शकतं.

म्हणून मूल आलं की मी आधी बोटं बघतो, कोपर नंतर. बोटं गुलाबी आणि कोमट आहेत का, नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत पुन्हा लाली येते का, मनगटाची नाडी लागते का. मग मुलाबरोबर दगड-कागद-कात्री खेळतो. मूठ वळली, पंजा उघडला, दोन बोटं फाकवली, की तीन मोठे मज्जातंतू तपासून होतात. शेवटी अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगतो. तो गोल जमला नाही, चिमटीसारखा चपटा झाला, तर चौथी एक बारीक वायर दुखावलेली आहे. या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा तीच दुखावते. ही तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी आणि कागदावर लिहिली जायला हवी. चांगली बातमी अशी की दुखावलेला मज्जातंतू बहुतेक वेळा तुटलेला नसतो, नुसता ताणलेला असतो, आणि तीन ते सहा महिन्यांत आपोआप कामाला लागतो.

रक्ताचं मात्र तसं नाही. पंजा पांढरा, गार पडला असेल तर ती खरी धावपळीची वेळ. रक्ताविना स्नायू चार ते सहा तास तग धरतात, त्यानंतर कायमचं नुकसान सुरू होतं. अशा मुलाला रात्री दोन वाजताही ऑपरेशनला घ्यावं लागतं. गंमत म्हणजे बहुतेकदा हाड जागेवर आणलं की दबलेली धमनी मोकळी होते आणि टेबलावरच पंजा गुलाबी होतो. तसं झालं नाही तर कोपराच्या घडीत चिरा देऊन धमनी बघावी लागते.

कधी नाडी लागत नाही पण पंजा गुलाबी आणि उबदार असतो. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या रक्त पुरवत असतात, गावात मुख्य रस्ता बंद झाला की गल्लीबोळांतून रहदारी चालावी तशी. याही मुलाचं हाड लवकर बसवायचं आणि नंतर एक-दोन दिवस वॉर्डात डोळ्यांत तेल घालून बघायचं.

उलट बाजूही सांगतो. नाडी चांगली, बोटं हलतात, सूज फार नाही, अशा मुलाला रात्रभर स्लॅबमध्ये, म्हणजे अर्ध्या प्लास्टरच्या आधारात, ठेवून सकाळी ऑपरेशन केलं तर काही बिघडत नाही. "रात्रभर पोराला तसंच ठेवलं" म्हणून नातेवाईक चिडतात, ते मी समजू शकतो. पण ताजातवाना सर्जन आणि पुरेशी माणसं असलेलं थिएटर मध्यरात्रीच्या घाईपेक्षा मुलासाठी बरं असतं.

पडल्या पडल्या घरी काय करायचं

मनगटातलं कडं, काळा दोरा, गंडा, राखी, घड्याळ, जे असेल ते सूज चढायच्या आत काढा, कापावं लागलं तरी कापा. हात जसा आहे तसा ठेवा, ओढून सरळ करू नका. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पातळ पुठ्ठा खाली देऊन ओढणीनं सैल बांधा. बोटं उघडी राहू द्या, सतत दिसली पाहिजेत.

आणि काही खायला-प्यायला देऊ नका. हे सांगताना माझा जीव तुटतो, कारण रडणाऱ्या पोराला हळद-दूध देणं ही माया असते. पण भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं. जेवण आणि दूध यांना सहा तास जावे लागतात. वाटेत पाजलेल्या एका पेल्यामुळे ऑपरेशन सहा तास लांबू शकतं.

हाडवैद्याकडे नेलं तर?

याबद्दल कुणाचा उपमर्द न करता बोलायला हवं. आपल्याकडे तालमीतले पैलवान आणि पिढीजात हाडवैद्य यांच्यावर लोकांचा विश्वास आहे आणि तो हवेतून आलेला नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हाताला धरून उचललं की कोपराचा सांधा किंचित निसटतो. जाणत्या माणसानं हात एका विशिष्ट तऱ्हेनं फिरवला की क्षणात बसतो आणि मूल खेळायला लागतं. तसंच पहिल्या प्रकारचा तडा कुणीही बांधला तरी जुळतोच. ही दोन उदाहरणं घरातल्या मोठ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात.

सरकलेलं फ्रॅक्चर मात्र या दोन्हींपेक्षा वेगळं, आणि एक्स-रेशिवाय ते ओळखू येत नाही. त्यावर कामट्या लावून करकचून पट्टी बांधली, तर आधीच चढत असलेल्या सुजेला बाहेर यायला वाव राहत नाही आणि दाब आत वाढत जातो. फोल्कमाननं वर्णिलेला हात असाच तयार होतो. वर चोळणं झालं तर कोपराभोवतीच्या स्नायूंत चक्क हाड तयार होऊ लागतं आणि सांधा कायमचा आखडतो. एवढंच म्हणतो, कुठेही न्या पण आधी एक्स-रे काढा. आणि पट्टी कुणीही बांधलेली असो, अगदी आमच्या दवाखान्यातली असो, बोटं निळी-पांढरी पडली, मूल बेचैन झालं, औषध देऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं हळूच सरळ केली तरी किंचाळलं, तर पट्टी आधी सैल करा आणि रुग्णालय गाठा. सकाळची वाट बघू नका.

थिएटरमध्ये नेमकं काय होतं

मुलाला पूर्ण भूल देतात. सी-आर्म नावाचं यंत्र असतं, इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचं, त्यातून हाडाचं चालतं चित्र पडद्यावर दिसतं. सर्जन आधी हात लांबवर ओढतो, डावी-उजवीकडची सरक नीट करतो, मग अंगठ्यानं कोपराचं टोक पुढे रेटत कोपर हळूच वाकवतो. तुकडे जागेवर आलेले पडद्यावर दिसतात. बहुतेक वेळा कातडी कापावी लागत नाही.

मग कोपराच्या बाहेरच्या बाजूनं, कातडीतूनच, ड्रिलच्या साहाय्यानं तार आत जाते. जाडी साधारण दीड ते दोन मिलिमीटर, म्हणजे स्वेटर विणायच्या सुईपेक्षा बारीक. ती खालच्या तुकड्यातून वर जाऊन पलीकडच्या कडक हाडात रुतते. एका खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर वाऱ्यानं फिरतं, दोन खिळे लावले की फिरत नाही, आणि ते दोन खिळे एकमेकांना चिकटून लावले तर उपयोग नाही. म्हणून दोन किंवा तीन तारा, मोडल्या जागी एकमेकींपासून लांब राहतील अशा.

काही वेळा एक तार आतल्या बाजूनं घालावी लागते. पकड त्यानं आणखी मजबूत होते, पण कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारा मज्जातंतू अगदी तिथूनच जातो. आतून तार घातलेल्या शंभर मुलांत तीन-चारांना तो दुखावल्याचा त्रास होतो. बहुतेकांचा बरा होतो, तरी म्हणूनच शक्य असेल तेव्हा बाहेरच्या बाजूच्या ताराच पुरेशा मानतात. आतली तार लागलीच तर छोटा छेद घेऊन मज्जातंतू बाजूला धरतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

तारांची टोकं बाहेर का?

प्लास्टरखाली तारांची वाकवलेली टोकं बघून आई दचकते. टोकं मुद्दाम बाहेर ठेवतात, म्हणजे काढायला दुसरं ऑपरेशन आणि दुसरी भूल लागत नाही. जंतुसंसर्ग शंभरात एक-दोन मुलांना होतो, तोही बहुधा वरवरचा, गोळ्या-औषधानं आणि तार काढल्यावर आटोक्यात येणारा. प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही, आत पट्टी-पेन्सिल घालून खाजवू द्यायचं नाही. ताप आला, घाण वास आला, पू दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता या.

वाढ खुंटेल का?

वडील हे हमखास विचारतात. हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते, तिथून हाड लांब होतं. तार त्या चकतीतून जाते हे खरं. पण ती गुळगुळीत आणि बारीक असते, तीन-चार आठवड्यांत निघते. अशा तारेनं वाढ बिघडणं फारच दुर्मीळ.

उलट याच चकतीत आजींच्या पहिल्या प्रश्नाचं राहिलेलं अर्धं उत्तर आहे. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम २० टक्के. मनगटाचं वाकडं हाड वाढीच्या जोरावर सरळ होतं, कारण तिथे वाढ भरपूर. कोपरापाशी तो जोरच नाही. त्यातून हाड आतल्या बाजूला कलून जुळलं तर ते कधीच आपणहून सरळ होत नाही. हात सरळ केला की बंदुकीच्या दस्त्यासारखा आत वळलेला दिसतो. हात काम करतो, उचलतो, लिहितो, पण वाकडेपण डोळ्यात भरतं, आणि शाळेत त्यावरून चिडवाचिडवी होते तेव्हा ते पोर पूर्ण बाह्यांचे शर्ट मागायला लागतं. मोठेपणी अशा काही कोपरांत सांधा ढिला होण्याचा किंवा मज्जातंतू दबण्याचा त्रासही होतो. पुढे हाड कापून सरळ करता येतं, पण ते ऑपरेशन आजच्या तारेपेक्षा कितीतरी मोठं असतं.

याच कोपरातलं दुसरं, फसवं फ्रॅक्चर

कधी सांध्याच्या बाहेरच्या बाजूचा एक कपचाच निघतो. मुलांचं कोपर बरंचसं कूर्चेचं, म्हणजे अजून हाड न झालेल्या मऊ, लवचीक भागाचं असतं आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. हाडाचे सहा ठिपके साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंत एकेक करून दिसू लागतात, म्हणजे लहान मुलाच्या कोपराचा एक्स-रे हा अर्धवट छापलेला नकाशा असतो. त्यामुळे हा कपचा दिसतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. तो सरकला असेल तर नुसत्या प्लास्टरमध्ये न जुळण्याचा धोका असतो, सांध्याचं वंगण मध्ये शिरत राहतं. बऱ्याचदा उघडून, डोळ्यांनी बघून बसवावा लागतो आणि तारा जरा जास्त दिवस ठेवाव्या लागतात. शेजारच्या मुलाचं प्लास्टरवर निभावलं आणि आमच्याचं का नाही, याचं कारण पुष्कळदा हे असतं की दोघांचं मोडलेलं वेगवेगळं असतं.

तारा काढताना

तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत नवं हाड धुक्यासारखं दिसायला लागलं की तारा ओपीडीतच काढतो, भूल न देता. पक्कड दिसली की मूल घाबरतं, म्हणून मी ती रुमालाखाली ठेवतो आणि त्याला आईकडे बघत दहा अंक मोजायला सांगतो. बहुतेकांची मोजणी संपायच्या आत दोन्ही तारा हातात असतात. बरीच मुलं त्या डबीत घालून घरी नेतात.

त्यानंतर कोपर कडक असतं. पूर्ण सरळ होत नाही, पूर्ण वाकत नाही, आणि आजी तेलाची वाटी गरम करायला लागतात. ती वाटी कृपा करून बाजूला ठेवा. चोळणं नको, ओढणं नको, हातात पाण्याची बादली देऊन 'आपोआप सरळ होईल' हेही नको. बहुतेक मुलांना फिजिओथेरपीची गरज पडत नाही; शास्त्रीय चाचण्यांतही तिनं अंतिम हालचालीत विशेष फरक पडलेला दिसला नाही. केस विंचरू द्या, स्वतःच्या हातानं जेवू द्या, आंघोळीला मगानं पाणी घेऊ द्या. बहुतेक हालचाल सहा-आठ आठवड्यांत परत येते, शेवटचा थोडा ताठरपणा जायला कधी कधी वर्ष लागतं. झाडावर चढणं आणि कुस्ती मात्र दोन-तीन महिने थांबू द्या.

हालचाल परत आली की एक काम घरीच करा. मुलाला आरशासमोर उभं करून दोन्ही हात तळवे पुढे करून सरळ खाली सोडायला सांगा. दोन्ही कोपरांचा बाक सारखा दिसतो का ते बघा. एक हात आत वळलेला वाटला, करंगळी अजूनही बधिर असली, किंवा अंगठा-तर्जनीचा तो गोल जमत नसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला या.